चाळीस सेंटिमीटर वाळू

कोकणात किंवा गोव्यात पुळणीवर फुटबॉल खेळणारी पोरं खेळ कुठे मांडतात ते एकदा बघा. ओहोटीची वेळ धरून, पाणी नुकतंच मागे सरकलेल्या ओल्या पट्ट्यात. तिथली वाळू फरशीसारखी घट्ट असते, चेंडू घरंगळतो, पळताना पाय रुतत नाही. वर सुरूच्या बनालगतची कोरडी, भुसभुशीत वाळू कोणी निवडत नाही. बीच सॉकर, म्हणजे नियमांनी बांधलेला वाळूवरचा फुटबॉल, नेमकी तीच निवडतो. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल आणि सपाट हवी, चाळलेली हवी, तिच्यात खडा किंवा शिंपल्याची कपची असता कामा नये, असं नियम सांगतात. भरती-ओहोटीचा उल्लेखही त्यांत नाही. समुद्र असावाच, अशी अटही नाही.

या एका अटीतून सगळा खेळ घडला आणि त्याच्या विश्वचषकाचा इतिहासही. भुसभुशीत वाळूत चेंडू जमिनीवरून जात नाही. ढकललात तर तीन-चार हातांवर थबकतो, आणि थबकतो तोही कुणाच्या तरी पावलाच्या खळग्यात. तिथून तो सरळ येईल की गुडघ्यावर उसळेल, याचा भरवसा नाही. म्हणून चांगला खेळाडू चेंडूला जमिनीवर राहूच देत नाही. पायाची बोटं चेंडूखाली सारून, चमच्याने उचलावा तसा तो वर काढतो आणि दुसऱ्या स्पर्शात हवेतच मारतो. पास छातीवर, मांडीवर, डोक्यावर. गोलकडे पाठ असताना चेंडू वर आला तर वळण्यात वेळ न घालवता सरळ बायसिकल किक, म्हणजे हवेत पाठीवर झोकून देऊन डोक्यावरून मारलेला फटका. गवतावर ही किक म्हणजे वर्षातून एकदा दिसणारी चैन. इथे ती रोजची भाजी-भाकरी, कारण पाठीवर पडायला खाली गादी आहे. किक घ्यायला झेपावलेल्या खेळाडूला आडवं जाऊ नये, म्हणून नियमांनीही तिला संरक्षण दिलंय.

बाकी मांडणी सुटसुटीत आहे. गोलरक्षक धरून पाच-पाच खेळाडू, सगळे अनवाणी. घोट्याला पट्टी चालते, बूट नाही. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ मीटर रुंद. गोल साडेपाच मीटर रुंद, २.२ मीटर उंच. बारा-बारा मिनिटांचे तीन भाग. राखीव खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. बरोबरी नावाचा निकालच नाही: आधी तीन मिनिटं जादा, तरी सुटलं नाही तर पेनल्टी. वेळेत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळेत दोन, पेनल्टीवर एक.

फ्री किकपाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण खेळाचा स्वभाव तिथे दिसतो. समोर भिंत उभी करता येत नाही. शिवाय ज्याला पाडलं त्यानेच किक घ्यायची, अशी या खेळाची जुनी रीत. म्हणजे समोरच्या संघातला सगळ्यात कच्चा नेमबाज कोण हे हेरून त्यालाच आडवा करायची युक्तीही लढवता येते. किक घेणारा आधी पावलाने वाळू ओढून छोटा ढीग करतो, चेंडूनेच थापून त्याला खळगा पाडतो आणि त्यावर चेंडू ठेवतो. ढीग बसका झाला तर पाय चेंडूआधी वाळूत घुसतो आणि फटका मरतो. फार उंच झाला तर चेंडूचा बुडखा लागून तो आडव्या दांड्यावरून निघून जातो. ढीग झाला की मागे सरकायचं, नजर गोलरक्षकावर, आणि तीन-चार पावलांत फटका. ३७ मीटरच्या मैदानात अर्ध्या रेषेवरून घेतलेली किकसुद्धा गोलरक्षकाला घाम फोडते. त्यामुळे इथला निकाल ५–४ किंवा ७–६ दिसला की गवतावरच्या फुटबॉलवाल्यांना तो टेनिसचा वाटतो.

ब्राझीलमध्ये हा खेळ नियमांच्या आधीपासून होताच. रिओच्या कोपाकबानावर लोक पिढ्यानपिढ्या वाळूत खेळत आले, वाटेल तितके जण, वाटेल तितका वेळ. १९९२ मध्ये त्याला लेखी नियम मिळाले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीचवर ब्राझील, अर्जेंटिना, इटली आणि यजमान अमेरिका यांची पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली. पुढच्या वर्षी कोपाकबानावरचे सामने टीव्हीवर आले आणि १९९५ च्या जानेवारीत तिथेच पहिली जागतिक स्पर्धा भरली.

त्या पहिल्या स्पर्धेचं रूप खरं तर निवृत्तांच्या स्नेहसंमेलनाचं होतं. ब्राझीलकडून झिको आणि ज्युनियर, एक एक्केचाळिशीचा आणि दुसरा चाळिशीचा. इटलीकडून अलेस्सांद्रो आल्तोबेल्ली, म्हणजे १९८२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा. त्याच विश्वचषकात बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीने ब्राझीलला ३–२ असं हरवलं होतं आणि झिको-ज्युनियरची ती सुंदर फळी घरी परतली होती. तेरा वर्षांनी तीच माणसं उन्हात, अनवाणी, लोकांना हसवत-रिझवत खेळत होती. ब्राझीलने अंतिम सामन्यात अमेरिकेला ८–१ धुतलं. दोन गावांच्या जत्रेतल्या कुस्तीत घरचा पैलवान जिंकावा तसं पुढची वर्षं चालू राहिलं: १९९६ आणि १९९७ ला उरुग्वेला हरवून, १९९८ ला फ्रान्सला ९–२, १९९९ ला पोर्तुगालला ५–२, २००० ला पेरूला ६–२. पहिल्या दहा स्पर्धांपैकी नऊ ब्राझीलच्या. सगळ्या ब्राझीलमध्येच, बहुतेक रिओतच.

मधली एक गेली. २००१ साली कोस्टा दो साऊइपेच्या किनाऱ्यावर पोर्तुगालने फ्रान्सला ९–३ असं हरवून चषक नेला. त्या पोर्तुगाली संघातला माजेर पुढे या खेळाचा चेहरा बनला. खरं नाव जुआंव व्हिक्टोर सराइव्हा, जन्म अंगोलातल्या लुआंडाचा. माजेर हे टोपणनाव अल्जीरियाच्या राबाह माजेरवरून पडलं, ज्याने १९८७ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात टाचेने गोल केला होता. गवतावरचा हा काही मोठा तारा नव्हे. वाळूतच घडला, वाळूतच मोठा झाला. झिको-ज्युनियरच्या पिढीपेक्षा हा प्रकार वेगळा, आणि पुढची वीस वर्षं याच प्रकारच्या माणसांची ठरली.

२००५ मध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, स्पर्धा ताब्यात घेतली. स्थळ तेच, कोपाकबाना, संघ बारा. ब्राझीलच्या संघात या वेळी १९९४ चा गवतावरचा विश्वविजेता रोमारियो होता. तरी उपांत्य फेरीत पोर्तुगालने त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या बाजूने फ्रान्स आला, ज्याचा प्रशिक्षक आणि अधूनमधून खेळाडूही होता गवतावरचा जुना फ्रेंच तारा एरिक कँटोना. अंतिम सामना ३–३, पेनल्टीवर फ्रान्स १–० ने विजयी. पेनल्टीचा हा १–० आकडा अनेकांना छपाईची चूक वाटतो. त्या काळी पाच-पाच किकांची रीत इथे नव्हती. पहिल्या जोडीपासूनच एकाने मारला आणि दुसऱ्याचा हुकला की खेळ खलास. पुढे हा नियम सौम्य करून ठरावीक किकांची फेरी आणली. ते बरंच झालं, कारण एका पायाच्या घसरण्यावर विश्वचषक देणं ही जुगाराकडे झुकणारी गोष्ट होती.

पुढच्या वर्षी संघ सोळा झाले आणि आजवर तेवढेच आहेत. २००६ ला ब्राझीलने उरुग्वेला ४–१ हरवलं. पण त्याच स्पर्धेत माजेरने एकट्याने २१ गोल केले. एका विश्वचषकातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २००७ ला मेक्सिकोवर ८–२. मग २००८ ला स्पर्धा पहिल्यांदाच ब्राझीलबाहेर भरली, कँटोनाच्या जन्मगावी, मार्सेयला. तिथे इटलीला ५–३ हरवून आणि २००९ ला दुबईत स्वित्झर्लंडला १०–५ हरवून ब्राझीलने सलग चार पुरे केले.

हा १०–५ चा सामना ब्राझीलच्या विजयासाठी नव्हे, पराभूत संघासाठी लक्षात ठेवावा. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. त्यांचा देयान स्टांकोविच त्या स्पर्धेत सर्वाधिक, १६ गोल करून गेला. बर्फाच्या डोंगरांतला देश अंतिम फेरीत कसा? उत्तर पुन्हा त्या चाळीस सेंटिमीटरमध्ये आहे. वाळू आणता येते.

हिशेब आपल्या मापात करून बघू. मैदान ३७ बाय २८ मीटर, खोली ४० सेंटिमीटर: साधारण ४१४ घनमीटर वाळू. बांधकामवाल्यांच्या भाषेत १४६ ब्रास. पण खेळाडू रेषेवर थांबत नाही, तो पलीकडे झेपावतो, म्हणून चारी बाजूंना दोन-दोन मीटर धरले की आकडा १८५ ब्रासवर जातो. वजनाने आठशे टनांच्या वर. वीस टनी डंपरच्या चाळीसेक खेपा. हे एकदाच करायचं असतं, नंतर फक्त राखायचं. एखाद्या नगरपालिकेच्या जलतरण तलावापेक्षा हे काम नक्कीच सोपं.

अवघड आहे ती वाळूची निवड. जाड, टोकदार कणांची वाळू तळपाय सोलते आणि झेपावणाऱ्या गोलरक्षकाची कोपरं रक्ताळवते. क्रशरची कृत्रिम वाळू त्यासाठी बाद: कण धारदार, वर दगडाची भुकटी. उलट फारच बारीक वाळू घेतली तर ती धुळीसारखी उडते, घामाच्या अंगाला चिकटते, डोळ्यांत जाते. मधली, गोलसर कणांची, धुतलेली आणि चाळलेली लागते. खाली पाणी निचरायला खडीचा थर नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात मैदान ओलसर गच्च होतं आणि चेंडू घरंगळायला लागतो. म्हणजे खेळच बदलतो, आणि जमिनीवरून पास खेळणारा कच्चा संघ अचानक वरचढ होतो. भर उन्हात वाळू इतकी तापते की सामन्याआधी पाणी मारावंच लागतं. ते शिंपडायचं, पाट सोडायचा नाही. जास्त झालं की वर पापडी धरते, तिच्यावरून धावणारा पाय मध्येच फसकन खाली जातो आणि पोटरीचा स्नायू ओढला जातो.

मैदानावर चुनाही टाकता येत नाही. हद्द आखायला निळ्या, लवचिक पट्ट्या ताणून बसवतात आणि त्यांची टोकं वाळूत खोल पुरलेल्या खुंट्यांना अडकवतात. ताण कमी पडला तर पट्टीत पाय अडकतो. खुंटी वरच राहिली तर धावत्या पायाखाली येते. आतल्या रेषा तर नाहीतच. गोलपासून नऊ मीटरवरची पेनल्टी क्षेत्राची रेषा काल्पनिक असते, बाहेर उभ्या दोन पिवळ्या निशाणांना जोडून मनातल्या मनात ओढायची. मध्यरेषेला लाल निशाणं. फाउल आत झाला की बाहेर, यावरचे वाद मग किती रंगत असतील त्याची कल्पना करा.

तर वाळू आणता येते, आणि ती छताखालीही पसरता येते. हे सर्वांत नेटाने केलं रशियाने. तिथल्या हिवाळ्यात उघड्यावर अनवाणी खेळायचं कोण नाव काढणार? त्यांनी बंदिस्त हॉलमध्ये वाळू टाकली आणि मिखाईल लिखाचोव्हच्या हाताखाली संघ घडवला. २०११ ला इटलीतल्या राव्हेन्नात अंतिम सामना: रशिया १२, ब्राझील ८. छत्तीस मिनिटांत वीस गोल. सलग चार वेळचे विजेते, ज्यांना हा खेळ जन्माने येतो असं सगळे धरून चालले होते, त्यांना बारा गोल खावे लागले. रशियाची ताकद सपाटून धावण्यात आणि चौकडी बदलण्यात होती. वाळूत सलग पाच मिनिटं जीव तोडून धावलात की पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून चांगले संघ दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोघांना नव्हे तर चौघांना एकदम बदलतात. आत आलेले चौघे एकमेकांच्या सवयी ओळखून असतात. दमलेल्या ताऱ्याला आत ठेवण्याचा मोह ज्याला आवरत नाही, तो तिसऱ्या भागात हरतो. २०१३ ला स्पेनला ५–१ हरवून रशियाने चषक राखला.

ते २०१३ चं वर्ष प्रशांत महासागरातल्या ताहितीसाठी अजबच गेलं. जूनमध्ये ब्राझीलमधल्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये, गवतावर, त्यांनी तीन सामन्यांत २४ गोल खाल्ले, त्यातले दहा स्पेनकडून. अख्ख्या जगाने कौतुकमिश्रित कीव केली. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच पापीतीत वाळूवरचा विश्वचषक झाला आणि त्याच बेटांचा दुसरा संघ उपांत्य फेरीत खेळत होता. दोन वर्षांनी पोर्तुगालच्या एस्पिन्योत तो थेट अंतिम फेरीत पोचला. यजमानांनी ५–३ ने जिंकलं, माजेरला फिफाचा चषक अखेर मिळाला. २०१७ ला बहामाजमध्ये ताहिती पुन्हा अंतिम फेरीत, या वेळी ब्राझीलकडून ०–६. ओशनियाला, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या गटाला, एकच जागा असते, तिच्यातून येऊन लागोपाठ दोनदा अंतिम सामना खेळायचा, हे कुठल्याही खेळात दुर्मीळ. पाच जणांच्या खेळात लहान देशाला मोठा होता येतं. अकरा चांगले खेळाडू मिळणं अवघड, पण दहा-बारा जणांचा अख्खा ताफा एखाद्या बेटावरही जमतो.

२०१९ ला स्पर्धा पॅराग्वेला गेली, समुद्रच नसलेल्या देशात. असुन्सिओनलगतच्या त्या स्टेडियमचं नाव लॉस पिनांदी. ग्वारानी भाषेत पिनांदी म्हणजे अनवाणी. स्टेडियमच्या नावांत इतकं नेमकं नाव दुसरं आठवत नाही. तिथे पोर्तुगालने इटलीला ६–४ हरवलं आणि माजेर चषक घेऊन निवृत्त झाला. २०२१ मॉस्कोत: उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातल्या बंदीमुळे यजमानांना देशाचं नाव आणि झेंडा न वापरता, नुसत्या फुटबॉल महासंघाच्या नावाने खेळावं लागलं. तरी त्यांनी जपानला ५–२ हरवून तिसरा चषक घेतला. ब्राझील त्या खेपेला उपांत्यपूर्व फेरीत सेनेगलकडून गारद झालं होतं. पुढे युक्रेन युद्धामुळे रशियाला बंदीच झाली. २०२४ ला दुबईत ब्राझीलने इटलीला ६–४ हरवलं, इराण तिसरा. २०२५ च्या मे महिन्यात सेशेल्समध्ये, आफ्रिकेतल्या पहिल्या विश्वचषकात, ब्राझील ४–३ ने जिंकलं. फिफाच्या तेरा स्पर्धांतला हा त्यांचा सातवा. हिंदी महासागराच्या मधोमध भरलेल्या त्या अंतिम सामन्यात समोरचा संघ होता बेलारूस, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला.

यात एवढा लांबलचक किनारा असलेला महाराष्ट्र आणि शेजारचा गोवा कुठे? भारतात पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ च्या सुरुवातीला सुरतजवळ डुमसच्या काळ्या वाळूवर झाली. अंतिम सामन्यात केरळने पंजाबला १३–४ हरवलं. पंजाब अंतिम फेरीत, हे स्वित्झर्लंडची गोष्ट वाचल्यावर आता नवल वाटू नये. त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बीच फुटबॉल कोलव्याच्या किनाऱ्यावर झाला, आणि तिथेही सुवर्ण केरळने नेलं, यजमान गोव्याला हरवून. गंमत म्हणजे कोलव्यापासून हाकेच्या नसला तरी रिक्षाच्या अंतरावर फातोर्ड्याचं स्टेडियम आहे. १९९५ चा तो पहिला वाळूचषक जिंकणारा झिको २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षं तिथे एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. २०१५ चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना तो तिथेच हरला. या विषयातला जगातला पहिला विजेता दारात येऊन गेला, आणि आपण त्याला फक्त गवताबद्दल विचारलं.

किनाऱ्यावर सरावाचं मैदान करायचं तर वाळू विकत घ्यावी लागत नाही. ती उचलून दुसरीकडे न्यायला मात्र सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम, आड येतात, तेव्हा जिथे आहे तिथेच खेळायचं. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्यात जागा धरा. फावड्याने चाळीस सेंटिमीटरपर्यंत उकरून काचा, शिंपल्या, माशांचे काटे, जाळ्यांचे तुकडे वेचा. एकदा चाळून भागत नाही, दोनदा चाळा. फळी ओढून सपाट करा. खेळताना दर बारा मिनिटांनी ती गोलसमोर पुन्हा ओढायची, कारण तिथेच सगळ्यात खोल खळगे पडतात आणि गोलरक्षक फसतो. चेंडूत हवा गवतापेक्षा कमी ठेवा, नाहीतर अनवाणी पायाची नखं जातील. मग चेंडू पायाच्या आतल्या बाजूने हलकेच पुढे ढकलून बघा. पाच-सहा पावलं सरळ घरंगळत गेला, तर वाळू अजून घट्ट आहे. पुन्हा उकरा.